लाईट गेली होती, तरी कूलरला करंट आला : लातूर जिल्ह्यातल्या एका वायरिंगचे प्रकरण

छोटे घर बांधताना गवंडी, सेंट्रिंगवाला, लोखंड बांधणारा, फरशीवाला, प्लंबर, रंगारी आणि वायरमन एवढे हात लागतात. यांपैकी राज्य सरकारचा परवाना असल्याशिवाय कामाला हात लावू नये, असे कायदा फक्त वायरमनच्या बाबतीत म्हणतो. नळजोडणीसाठी काही नगरपालिका आपल्याकडे नोंद असलेला प्लंबर मागतात, पण ती त्या संस्थेपुरती नोंद असते. गवंड्याला तर काहीच लागत नाही. म्हणजे घरातल्या ज्या एका कामावर सरकारचे थेट लक्ष असायला हवे, ते वायरिंगचे. हे लक्ष प्रत्यक्षात कुठे सुटते ते दाखवण्यासाठी खालचे प्रकरण घेतले आहे. ते नमुन्याचे आहे: अशा कामांत एरवी सुटे सुटे दिसणारे दोष एका घरात आणून मांडले आहेत, आणि आकडे त्या घराच्या हिशेबाने दिले आहेत.

घर आणि काम

तालुक्याचे गाव, साडेबाराशे चौरस फुटांचा प्लॉट. खाली मालकाचे राहते घर आणि रस्त्याच्या अंगाला एक गाळा. वर दोन-दोन खोल्यांची दोन बिऱ्हाडे, दोन्ही भाड्याने. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर या पट्ट्यात दगड-मातीच्या वाड्यांची जागा आरसीसीने घेतली. त्यामुळे इथला घरमालक लोखंडाबाबत चोखंदळ असतो. किती एमएमचा बार, किती इंचांवर रिंग, कॉलमला पाणी किती दिवस मारले, हे तो स्वतः बघतो. वायरिंगमध्ये तो वायरची कंपनी आणि बटणांचा रंग एवढेच विचारतो.

प्लॉट १५० चौरस मीटरच्या आत असल्याने २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे परवानगी कमी जोखमीच्या वर्गात सोपी मिळाली. अभियंत्याचे काम नकाशा, सामासिक अंतरे आणि ढाचा इथवर होते. वायरिंग तपासणे त्याच्याकडे नव्हतेच, आणि त्या फाइलमध्ये ते दुसऱ्या कुणाकडेही नव्हते.

वायरिंग केले गावातल्याच एका तरुणाने. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड पास, हात चांगला. स्लॅबच्या आधी २५ एमएमचे पाइप त्याने स्वतः टाकले, जोड सोल्यूशन लावून पक्के केले, फॅन बॉक्स बारला बांधून घेतले. भिंतीच्या झिऱ्या सरळ, बॉक्स प्लॅस्टरच्या पातळीत. मजुरी पॉइंटवर ठरलेली. इथवर नाव ठेवण्यासारखे काही नाही.

गडबड सामानाच्या यादीत झाली. यादीत लाल (फेज, करंट आणणारी), काळी (न्यूट्रल, तो परत नेणारी) आणि हिरवी (अर्थ, उपकरणाची बॉडी जमिनीला जोडणारी) अशा तिन्ही वायरी होत्या. एका कॉइलमध्ये ९० मीटर, आणि घराच्या मापाने हिरव्या वायरच्याच पाच-सहा कॉइल लागत होत्या. मालकाने त्या यादीतून कापल्या. "हिरवी वायर कशाला? दोन वायरीवर बी चालतंच की." त्यावर उत्तर आले, "चालतंय मालक, तिसऱ्या पिनला न्यूट्रल मारून देतो." हे एक वाक्य पुढच्या सगळ्या प्रकरणाची गाठ आहे. सॉकेटच्या आत अर्थच्या पिनपासून न्यूट्रलच्या पिनपर्यंत दोन इंचांचा तुकडा जोडला की टेस्टर लावून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते, फ्रिजचा बारीक झिणझिण्या देणारा करंटही जातो, आणि गिऱ्हाईक खूश होते.

अर्थिंगसाठी मागच्या बोळात चार फूट जीआय पाइप ठोकला गेला. चार फुटांवर मुरूम लागला आणि पाइप पुढे जाईना. त्यातून आलेली जीआय तार मीटरच्या फळीपर्यंत आली आणि तिथेच संपली. घरातल्या डीबीला, म्हणजे जिथून सगळ्या खोल्यांना वायरी जातात त्या पेटीला, ती जोडलेली नव्हती.

डीबीत ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरची एक आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की पडून पुरवठा तोडणारे यंत्र, मात्र बसवली होती. ती काही महिने चालली. पुढे गाळ्याच्या भाडेकरूने दुसऱ्या माणसाकडून इन्व्हर्टर बसवून घेतला. त्या माणसाने इन्व्हर्टरला फेज घेतला मेन स्विचवरून, म्हणजे आरसीसीबीच्या आधी, आणि दिव्यांचा न्यूट्रल राहिला जुन्याच पट्टीवर, म्हणजे आरसीसीबीच्या नंतर. जाणारा करंट यंत्राच्या बाहेरून, येणारा यंत्रातून. आरसीसीबीचे काम जाणाऱ्या-येणाऱ्यातला फरक मोजायचे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडते. एक एलईडी लावला की ती पडायची. "ही डिफेक्टिव्ह हाय" असे ठरले आणि तिच्या वरच्या-खालच्या वायरी एकाच टर्मिनलला आवळल्या गेल्या. यंत्र जागेवर, बटण वर, बाहेरून बघणाऱ्याला संरक्षण आहे असेच वाटावे.

टेस्ट रिपोर्ट

नव्या जोडणीच्या अर्जाला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. त्यावर ठेकेदाराची सही-शिक्का, परवाना क्रमांक, पर्यवेक्षकाचे नाव व क्रमांक, वायरमनचा परवाना क्रमांक, जोडलेला भार, इन्सुलेशनचे आणि अर्थिंगचे माप येते. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात अहवाल 'मिळतो'. इथे तो दीड हजारात मिळाला. ठेकेदार शेजारच्या जिल्ह्यातला. त्याने घर पाहिले नव्हते, त्याच्या पर्यवेक्षकानेही नाही. भार लिहिला ३ किलोवॅट, इन्सुलेशन ५ मेगाओहम, अर्थिंग २ ओहम.

या तिन्ही आकड्यांकडे थांबून बघावे. घरात प्रत्यक्षात दोन गीझर (प्रत्येकी २ किलोवॅट), दीड एचपीचा बोअरचा सबमर्सिबल (१.१), दीड टनाचा एसी (१.६), तीन फ्रिज, तीन कूलर, इस्त्री, मिक्सर, नऊ पंखे आणि दिवे. बेरीज दहा किलोवॅटच्या वर जाते. सगळे एकदम चालत नाही हे खरे, पण सकाळी दोन गीझर आणि बोअर एकदम लागतातच, आणि एवढ्यानेच पाच किलोवॅट, म्हणजे एका फेजवर २२ अँपिअर होतात. उन्हाळ्यात त्यात एसी आणि कूलर. अर्ज थ्री फेजचा आणि खऱ्या भाराचा हवा होता. ३ किलोवॅट लिहिण्याचे कारण सरळ आहे: अनामत आणि जोडणीचा खर्च कमी बसतो.

अर्थिंगचे ओहम जितके कमी तितके ते चांगले. पण २ ओहम हा आकडा तर ज्याने मराठवाड्यात एकदा तरी अर्थ टेस्टर लावला आहे त्याला खटकावा. चार फूट पाइप मुरमात, तोही मे महिन्यात, २ ओहम देत नाही. काळी माती ओली असेल तर करंट चांगला वाहून नेते, पण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते. खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे ओल राहत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे असे पुस्तकात असते, पण २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे खड्ड्यात घागर कोण ओतणार?

घटना

मेअखेरची संध्याकाळ. अवकाळी वारा सुटला, लाईट गेली. तासाभराने आली, दिवे एकदा भगभगले आणि पुन्हा गेले. शेजारच्या घरात मात्र लाईट होती. वरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना वाटले, आपल्याच घरची गेली आहे, तोवर कूलरमध्ये पाणी भरून घ्यावे. कूलर लोखंडी बॉडीचा, प्लग सॉकेटमध्येच, बटण चालू. अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून त्यांनी बादली टेकवायला बॉडीला हात लावला. झटक्याने त्या मागे फेकल्या गेल्या म्हणून हात सुटला. तळहात भाजला, मनगट मोडले. हात चिकटून राहिला असता तर पुढचे लिहायची गरज वेगळी पडली असती.

"लाईटच नव्हती तर करंट कसा?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. उत्तर मीटरच्या फळीवर होते. मीटरच्या इनकमिंग न्यूट्रलचा जोड जळून सुटला होता: बाहेरची सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, स्क्रू ढिला, आणि त्यावरून ठरल्यापेक्षा तिप्पट भार. न्यूट्रल सुटला की दिवे विझतात, कारण करंटला परतीची वाट नसते. पण फेज घरात आलेलाच असतो. तो फ्रिजच्या मोटरीतून, चालू राहिलेल्या पंख्याच्या गुंडाळीतून न्यूट्रलच्या पट्टीवर येतो आणि तिथे अडतो. सगळ्या घराचा न्यूट्रल आता २३० व्होल्टच्या आसपास. आणि या घरात न्यूट्रल म्हणजेच अर्थची पिन, म्हणजेच कूलरची बॉडी, फ्रिजचे दार, गीझरची टाकी. त्या क्षणी त्या घरातली लोखंडाची प्रत्येक वस्तू जिवंत होती, आणि घर अंधारात.

न्यूट्रल बाहेरून तुटला आणि अर्थ वेगळा असता, तर नुसते दिवे गेले असते.

निरीक्षकांचे माप

वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेमुळे माणसाचा वा जनावराचा जीव गेला किंवा इजा झाली तर विद्युत निरीक्षकांना कळवावे लागते. २००५ च्या नियमांप्रमाणे वीज कंपनीच्या अधिकाऱ्याने, कनिष्ठ अभियंत्यापेक्षा खालच्या नव्हे, ४८ तासांच्या आत ठरलेल्या नमुन्यात लेखी सूचना द्यायची. इथे ती वेळेत गेली. लोकांची पहिली चूक अशा वेळी ही होते की निरीक्षक येण्याआधी कुणीतरी वायरमन 'नीट करून' जातो. जळालेला जोड कापून फेकला तर पुढे कुणाचेच म्हणणे सिद्ध होत नाही. इथे मालकाच्या भावाने मेन काढून फळीला कुलूप घातले. हे शहाणपणाचे झाले.

मापे अशी निघाली. मेन बंद, दिवे काढलेले, बटणे चालू ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) एक मिनिट: फेज ते जमीन १.८ मेगाओहम. नियम किमान १ मागतो, म्हणजे वायर आणि जोड चांगले होते. त्या तरुणाचे काम इथे पास झाले. अर्थ पाइप: ६२ ओहम. सॉकेटच्या तिसऱ्या पिनपासून पाइपपर्यंत सलगता: नाही. तिसरी पिन ते न्यूट्रल: शून्य ओहम, तपासलेल्या प्रत्येक सॉकेटला. आरसीसीबी: चाचणीचे बटण दाबले तर पडते, पण तिच्यातून घराचा करंटच जात नाही.

समजा त्या घरात अर्थची वायर नीट टाकली असती आणि ती याच ६२ ओहमच्या पाइपला जोडली असती. कूलरच्या मोटरीचा फेज बॉडीला लागला तर करंट किती? पाइपचे ६२ आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचे तीनेक धरले तर २३० भागिले ६५, साडेतीन अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की पडणारा स्विच, साडेतीनला काय पडणार! तो त्याला पंखे-दिव्यांचा साधा भार समजतो. बॉडीवर तब्बल २१९ व्होल्ट कायम उभे राहतात. म्हणजे इथल्या जमिनीत नुसते अर्थिंग आणि नुसता एमसीबी हा जोड माणसाला वाचवत नाही. आरसीसीबी हवीच. ती असेल तर ३० मिलिअँपिअर गुणिले ६२ ओहम, म्हणजे बॉडीवर दोन व्होल्टसुद्धा आणू न शकणाऱ्या गळतीलाच ती पडते. लोक पैसे खड्ड्यात ओततात, मीठ-कोळशाच्या थरांवर वाद घालतात, आणि दोन हजारांच्या आसपासचे यंत्र वाचवतात. उलटे व्हायला हवे.

आणखी एक बारकावा. तिसरी पिन न्यूट्रलला मारली असेल तर चालू आरसीसीबीसुद्धा उपकरणातला बिघाड ओळखत नाही, कारण बॉडीत गळलेला करंट न्यूट्रलनेच परत येतो आणि हिशेब जुळतो. मात्र या घटनेत न्यूट्रल आरसीसीबीच्या आधी, मीटरपाशी तुटला होता. फेज यंत्रातून गेला आणि माणसातून जमिनीत उतरला. परत काहीच आले नाही. वायरी वळवलेल्या नसत्या तर आरसीसीबी पडली असती, अट एवढीच की ती इलेक्ट्रोमेकॅनिकल हवी. इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या स्वस्त आरसीसीबीला स्वतः चालायला पुरवठा लागतो. न्यूट्रल गेला की तीही आंधळी होते. विकत घेताना आयएस १२६४० हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि हा प्रकार, दोन्ही पाहावेत.

कागद कुणाचे, काम कुणाचे

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या नियम ४५ पासून एकच सूत्र चालत आले आहे, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही ते आहे: दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची अदलाबदल सोडली तर विजेचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक वायरमनच्या हातून व्हावे. तीन माणसे, तीन कागद. महाराष्ट्रात हे परवाने राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते. ठेकेदाराला परवाना मिळतो तो त्याच्याकडे पर्यवेक्षक, वायरमन आणि मेगर-अर्थ टेस्टरसारखी उपकरणे आहेत या विश्वासावर.

चौकशीत त्या तरुणाने दोन कागद पुढे केले: आयटीआयचे प्रमाणपत्र आणि बांधकाम कामगाराचे कार्ड. दोन्ही खरे होते, आणि दोन्ही या कामाला लागू नव्हते. आयटीआयचे प्रमाणपत्र वायरमन परवान्यासाठी अर्ज करायची पात्रता देते. ते परवाना नव्हे. कामगार कार्ड तर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने आलेल्या कल्याणकारी मंडळाचे. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम, एवढे दाखवले की नोंद होते. मुलांच्या शिक्षणाचे, आजारपणाचे लाभ मिळतात. काम येते की नाही याची परीक्षा त्यात कुठेच नाही. तरी गावोगाव घरमालक "तुझं कार्ड हाय का?" असे विचारतात आणि ते बघून निर्धास्त होतात. या गैरसमजाची किंमत फार आहे, कारण हे कार्ड सगळ्यांकडे असते आणि परवाना थोड्यांकडे.

जबाबदारी वाटताना चौघांची नावे आली. ठेकेदाराने न पाहिलेल्या कामावर सही केली, म्हणून त्याला कारणे दाखवा नोटीस आणि परवान्याबाबत अनुज्ञापक मंडळाकडे अहवाल. बचावात तो म्हणाला की दुकानदाराने कोरे शिक्का मारलेले नमुने वापरले. हा बचाव नसून कबुलीच आहे. पर्यवेक्षकाचे म्हणणे, नाव वापरल्याचे मला माहीतच नाही. ते खरे असेल तर त्याने दरवर्षी आपला क्रमांक कुठल्या ठेकेदाराकडे लागलेला आहे हे पाहायला हवे होते. मालकाने बिनपरवाना माणसाला काम दिले, भार लपवला, वर हिरवी वायर कापली. आणि वीज कंपनीने जोडणी देण्याआधी मांडणी तपासायची असते, ती झाली नव्हती. शिवाय जळालेला न्यूट्रल मीटरच्या इनकमिंगला, म्हणजे कंपनीच्या हद्दीत होता.

कंपनीचे अधिकारी आणि मालक महिनाभर याच शेवटच्या मुद्द्यावर भांडले. एकाचे म्हणणे, न्यूट्रल तुमच्या भाराने जळाला. दुसऱ्याचे, जोड तुमच्या लाईनमनने ढिला ठेवला. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्हींनी मूळ मुद्दा झाकला जातो. न्यूट्रल सुटणे ही आपल्याकडच्या लाईनवर घडणारच असलेली गोष्ट आहे. वाऱ्याने झोका खाल्ला, खांबावरचा जोड हलला, की सुटतो. घरातली मांडणी त्याला गृहीत धरून केलेली असावी लागते, आणि ती तशी आहे हे पाहणे हेच पर्यवेक्षकाच्या सहीचे मोल.

त्या तरुणाला सगळ्यांनी सोपे लक्ष्य केले. पण मेगरची मापे त्याच्या बाजूने होती, आणि हिरवी वायर त्याच्या यादीत होती. त्याची चूक ती सोडून द्यायला तयार होण्याची. देखरेखीला खरोखर माणूस असता तर "अर्थची वायर नसेल तर सही नाही" हे वाक्य मालकाला ठेकेदाराने ऐकवले असते. पॉइंटवर मजुरी घेणारा पोरगा ते ऐकवू शकत नाही. दीड हजारात सही विकण्याऐवजी ठेकेदाराने तीन-साडेतीन हजार घेऊन दोन चकरा मारल्या, एक स्लॅब ओतण्याआधी आणि एक जोडणीच्या अर्जाआधी, तर परवान्याची सगळी यंत्रणा आहे त्या नियमांतच चालू होते. नवा कायदा लागत नाही.

दुरुस्ती

परवानाधारक ठेकेदार या वेळी लातूरहून आणला आणि त्या तरुणालाच त्याच्या हाताखाली ठेवले. क्रम असा: आधी प्रत्येक सॉकेटमधला तिसरी पिन–न्यूट्रल तुकडा काढणे. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात तातडीचे. हे होईपर्यंत मेन चालू करायचे नाही. मग हिरवी वायर. प्लॅस्टरखालच्या पाइपात ती ओढण्यासाठी जुन्या काळ्या वायरीलाच नवी काळी आणि हिरवी बांधून ओढल्या. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस एमएम. हिरवी वायर फेजच्याच जाडीची. दोन ठिकाणी पाइप दबलेला होता, तिथे नव्याने झिरी मारावी लागली.

अर्थिंगचे दोन पाइप टाकले, ४० एमएम जीआय, प्रत्येकी तीन मीटर, एकमेकांपासून सहा मीटरवर. लांबीच्या दुपटीपेक्षा जवळ टाकले तर दुसऱ्याचा पुरा फायदा मिळत नाही. मुरमात ठोकून जात नाहीत म्हणून बोअरवाल्याच्या छोट्या मशीनने भोके पाडून घेतली आणि मीठ न घालता बेंटोनाइट, म्हणजे ओल धरणारी चिकणमाती, भरली. मीठ पहिली दोन वर्षे आकडा छान दाखवते आणि मग पाइप खाते. माप घेताना प्लॉटमध्ये जागा नव्हती. अर्थ टेस्टरची करंटची खुंटी रस्त्याच्या कडेने ३० मीटरवर आणि व्होल्टेजची १८.६ मीटरवर, म्हणजे सुमारे ६२ टक्के अंतरावर ठोकली. दोन्ही पाइप जोडून जूनच्या पहिल्या आठवड्यात १४ ओहम आले. पाऊस झाल्यावर ६.

जोडणी थ्री फेज झाली, भार खरा लिहिला, आणि गाळ्याला वेगळे बिगरघरगुती मीटर घेतले. हे आधीच करायला हवे होते: घरगुती मीटरवर दुकान चालवणे वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये बसू शकते आणि मग आकारणी दुप्पट दराने होते. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र आरसीसीबी दिली, म्हणजे एकाकडे बिघाड झाला तर सगळे घर अंधारात जात नाही आणि यंत्र वळवून टाकायचा मोह कमी होतो. इन्व्हर्टरचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही गाळ्याच्या आरसीसीबीच्या एकाच बाजूला आणले.

शेवटी बोअर. त्याची आरसीसीबी लावल्याबरोबर पडली, पुन्हा लावली, पुन्हा पडली. पाण्याची ओरड सुरू झाली आणि "हिला तेवढी डायरेक्ट करा" अशी मागणी लगेच आली. सिंगल फेज सबमर्सिबलची तीन कोअरची चपटी केबल मोटरीच्या कॉमन, रन आणि स्टार्ट या तीन जोडांतच संपते. अर्थला कोअर उरत नाही, आणि पाइप एचडीपीई प्लॅस्टिकचा, म्हणजे मोटरीच्या बॉडीला जमिनीकडे दुसरी धातूची वाट नाही. पॅनेलपासून केबल सोडवून मोजले तर मेगरचा काटा शून्यावर. मल्टिमीटरवर ५ किलोओहम, म्हणजे ४६ मिलिअँपिअर सतत पाण्यात गळत होते. वर्षभर हेच चालू असणार, फक्त मोजणारे कुणी नव्हते. ४२० फुटांवरून मोटर काढली. मोटर ठीक निघाली. केबलचा जोड साध्या इन्सुलेशन टेपचा होता आणि त्यात पाणी शिरले होते. जोड नव्याने केला: कोअर मागेपुढे कापून सांधे एकमेकांसमोर येऊ दिले नाहीत, प्रत्येकावर रबर टेप, त्यावर पीव्हीसी टेप, वर हीट श्रिंक. बादलीत बारा तास बुडवून ठेवून मोजले तेव्हा २० मेगाओहमच्या वर. बॉडीला स्वतंत्र २.५ चौरस एमएमची हिरवी वायर बांधूनच मोटर खाली सोडली, आणि आरसीसीबी राहिली.